स्तनरोपणांची कैफियत

कृत्रिम स्तनरोपण करून घ्यावे की नाही या विचाराने एखादी स्त्री शल्यचिकित्सकाच्या दालनात जाते, तेव्हा तिच्यासमोरील मेजावर चार-दोन पिशव्या मांडल्या जातात. एक वाटोळी, एक थेंबाच्या घाटाची, एकीचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत तर दुसरीचा हाताला खरखरीत लागणारा, एकीत दाट सिलिकॉन जेल तर दुसरीत नुसते मिठाचे पाणी. आणि या पिशव्या हातात घेऊन, दाबून, उलटसुलट करून पाहत असता तिचा समज असा होतो की, हे एकाच कारखान्यातून एकाच वेळी निघालेले निरनिराळे वाण असून त्यांतून आपल्या पसंतीस उतरेल तो निवडावयाचा, एवढेच काय ते आपले काम. वस्तुस्थिती निराळी आहे. त्यांतील प्रत्येक पिशवी वेगळ्या दशकात, आधीच्या पिशवीत जो दोष निघाला त्याचे उत्तर म्हणून जन्मास आली. आणि तो दोष प्रयोगशाळेत क्वचितच निघाला, बहुतेक वेळा तो स्त्रियांच्या देहात, तोही रोपणानंतर कित्येक वर्षांनी निघाला. जुन्या दफ्तरांत एखाद्या गावाची वा घराण्याची हकीकत सरकारातून विचारली गेली म्हणजे जो वृत्तांत लिहून देत, त्याला कैफियत म्हणत. या पिशव्यांची तुलना करावयाची तर गुणदोषांची कोष्टके मांडण्यापेक्षा प्रत्येकीची कैफियत ऐकून घेणे अधिक उपयोगाचे, अशी माझी धारणा आहे.

‘प्लास्टिक सर्जरी’ या नावातील ‘प्लास्टिक’ शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ घडविणे, आकार देणे असा आहे, आणि माती घडविणाऱ्या हातांशी असलेले त्याचे नाते महाराष्ट्रात एकदा अक्षरशः खरे ठरले होते. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकात एक पत्र छापून आले. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा इसम टिपूच्या लोकांच्या हाती सापडला होता. त्यांनी त्याचे नाक व एक हात कापला. पुढे सुमारे वर्षभर तो तसाच वावरला, आणि मग पुण्याकडील, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी मापाने सोडवून, खाली वळवून, तिचे नवे नाक घडविले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शल्यवैद्यांनी हे काम डोळ्यांनी पाहिले, जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीची तसबीर काढली, आणि या वृत्तांतापासून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया करून १८१६ मध्ये तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. माझ्या विषयाच्या दृष्टीने यातील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. त्या कारागिराने नाक घडविले ते रोग्याच्याच कातडीचे, बाहेरचे कोणतेही द्रव्य त्यात नव्हते. आणि रोगी कोण, इजा कशी झाली, कातडी कोठून घेतली, किती काळ गेला, या सर्वांचा तपशील लिहिला गेला. कारागिराचे नाव मात्र त्या पत्रात नाही.

स्तनाच्या बाबतीत पहिला ज्ञात प्रयत्नही रोग्याच्याच मांसाने झाला. १८९५ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे व्हिन्सेंट्स चेर्नी या नामांकित शल्यचिकित्सकाकडे एक गायिका आली. तिच्या एका स्तनात गाठ होती. ती कर्करोगाची नव्हती, परंतु काढणे भाग होते, आणि रंगमंचावर उभे राहावयाचे असल्याने दोन बाजूंतील विषमता तिला सोसणारी नव्हती. तिच्या पाठीच्या खालच्या भागात चरबीची एक मोठी निरुपद्रवी गाठ होती. चेर्नीने ती काढून स्तनाच्या रिकाम्या जागी बसविली. या एकाच प्रसंगात पुढच्या शतकाचे दोन्ही हेतू, रोगाने हिरावलेले परत देणे आणि रूपाची चिंता वाहणे, एकाच स्त्रीच्या ठिकाणी एकत्र आलेले दिसतात. पुढे या दोन हेतूंची फारकत करून पहिल्याला प्रतिष्ठा आणि दुसऱ्याला कुचेष्टा देण्याची जी रीत पडली, ती मला कधीच न्याय्य वाटली नाही. दोन्ही हेतूंनी आलेल्या स्त्रियांच्या देहात जाणारी पिशवी एकच असते, आणि ती फुटली तर दोघींनाही सारखीच फुटते.

पाठीवर अशी सोयीची गाठ प्रत्येकीला कोठून असणार? म्हणून बाहेरच्या द्रव्यांचा शोध सुरू झाला. व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी याने १८९९ मध्ये पॅराफिन, म्हणजे मेणाच्या जातीचे द्रव्य, देहात टोचून पोकळी भरण्याची युक्ती काढली. ऊन असता पातळ आणि देहात गेल्यावर घट्ट, हा त्याचा गुण पाहणारास मोहात पाडणारा होता. चेहऱ्याच्या सुरकुत्यांपासून स्तनांपर्यंत ते सर्वत्र टोचले जाऊ लागले. परंतु ते एके ठायी राहीना. त्याच्या कठीण गाठी बनू लागल्या, त्वचा काळवंडून फुटू लागली, आणि रक्तवाहिनीत शिरलेला मेणाचा कण फुप्फुसात जाऊन अडकल्याचे प्रसंग घडले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतच युरोपातून ही रीत मागे पडली. त्यानंतर हस्तिदंत आले, काचेचे गोळे आले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात ‘आयव्हॅलॉन’ नावाचा कृत्रिम स्पंज आला. स्पंज हलका, हवा तसा कापता येणारा. परंतु त्याच्या छिद्राछिद्रांत देहाचे तंतू वाढत गेले, तो आक्रसला, आणि काही महिन्यांतच लाकडासारखा कठीण झाला.

सिलिकॉनची हकीकत युद्धात सुरू होते. वाळूतील सिलिकॉन हे मूलद्रव्य आणि कार्बनी रसायने यांच्या संयोगातून निघालेला हा पदार्थ उष्णतेने, थंडीने वा ओलाव्याने सहसा विकार पावत नाही. म्हणून उंचावर उडणाऱ्या विमानांच्या विजेच्या जोडण्या सुरक्षित राखण्यासाठी त्याचा उपयोग झाला, आणि काच बनविणारी कॉर्निंग व रसायने बनविणारी डाऊ या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून १९४३ मध्ये डाऊ कॉर्निंग ही तिसरी कंपनी काढली. जो पदार्थ कशाशीही सहजासहजी क्रिया करीत नाही तो देहाशीही करणार नाही, असे अनुमान निघाले. ते अर्धे खरे होते, आणि विज्ञानात अर्धे खरे अनुमान हे पूर्ण खोट्यापेक्षा अधिक काळ टिकते. युद्धोत्तर जपानमध्ये द्रवरूप सिलिकॉन स्त्रियांच्या स्तनांत थेट टोचले जाऊ लागले. तेथून ही रीत अमेरिकेत, विशेषतः नेवाडा राज्यातील करमणुकीच्या धंद्यांत पसरली. पॅराफिनने जे केले होते तेच पुन्हा झाले. द्रव छातीतून खाली उतरला, गाठी झाल्या, आणि कित्येक स्त्रियांचे स्तन कापून काढावे लागले. पुढे नेवाडा राज्याने कायदा करून या टोचणीस मनाई केली.

आता ह्यूस्टनकडे वळू, कारण आजची प्रत्येक पिशवी त्या गावचे मूळ सांगते. टेक्सास राज्यातील या नगरात टॉमस क्रोनिन आणि त्यांचे तरुण सहकारी फ्रँक गेरो हे दोघे शल्यचिकित्सक होते. त्या सुमारास रक्तपेढ्यांत रक्त काचेच्या बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवू लागले होते. तशी एक भरलेली पिशवी हातात दाबून पाहत असता गेरो यांना तिचा स्पर्श स्तनासारखा भासला, अशी कथा सांगितली जाते. कथा कशीही असो, द्रव मोकळा न सोडता तो पिशवीत बंद करावा ही कल्पना तेथे रुजली, आणि डाऊ कॉर्निंगच्या साहाय्याने सिलिकॉन रबराच्या कवचात सिलिकॉन जेल भरून एक रोपण तयार झाले. प्रथम ते एस्मेराल्डा नावाच्या कुत्रीच्या देहात घालून पाहिले. नंतर १९६२ च्या वसंतात ते एका स्त्रीस बसविण्यात आले.

ही स्त्री सहा मुलांची आई होती, घटस्फोटित होती, आणि मिळकत बेताची असल्याने धर्मादाय इस्पितळात आली होती. आली होती ती छातीवरचे गोंदण पुसून घेण्यासाठी. डॉक्टरांनी तिला नव्या रोपणाबद्दल विचारले, तेव्हा तिने सांगितले की, माझे लक्ष स्तनांकडे नाही, माझे कान पुढे आलेले आहेत ते मागे बसवून मिळाले तर बरे. डॉक्टरांनी तेही करून देण्याचे कबूल केले, आणि व्यवहार ठरला. पन्नास वर्षांनंतर, वयाच्या ऐंशीच्या घरात असता, तिने ही हकीकत वृत्तपत्रांना स्वमुखाने सांगितली. तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. परंतु या प्रसंगापाशी मला थबकावेसे वाटते. जिने ही गोष्ट मागितलीच नव्हती तिच्या देहापासून हा सारा इतिहास सुरू झाला; आणि कानाच्या बदल्यात दिलेल्या त्या संमतीत, या पिशव्या वीस वर्षांनी काय करतील याचा उल्लेख असणे शक्यच नव्हते, कारण ते सांगू शकणारा मनुष्य तेव्हा पृथ्वीवर नव्हता. क्रोनिन व गेरो यांनी १९६३ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आपले काम मांडले आणि थोड्याच काळात डाऊ कॉर्निंगने या पिशव्यांची विक्री सुरू केली.

ती पहिली पिशवी थेंबाच्या घाटाची, जाड कवचाची, दाट जेलची होती, आणि ती आत फिरू नये म्हणून तिच्या पाठीला डेक्रॉनच्या कापडाचे तुकडे चिकटविलेले असत. देहाचा धर्म असा की, परके द्रव्य आत आले आणि ते बाहेर टाकता येत नसेल तर त्याच्याभोवती तंतूंचे वेष्टन घालून त्याला एका कोठडीत बंद करावयाचे. प्रत्येक रोपणाभोवती असे वेष्टन पडतेच. बहुतेकींत ते पातळ व निरुपद्रवी राहते. काहींत मात्र ते आक्रसू लागते आणि आतल्या मऊ पिशवीस आवळून कठीण चेंडूसारखी करून सोडते. या आकुंचनाच्या चार पायऱ्या जेम्स बेकर या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९७५ च्या सुमारास ठरवून दिल्या, पहिलीत स्तन नैसर्गिक आणि चौथीत कठीण, विद्रूप व वेदनामय. आजही डॉक्टर हीच परिभाषा वापरतात. त्या काळी यावर एक उपाय सर्रास केला जाई, तो असा की, डॉक्टरने दोन्ही हातांनी स्तन जोराने दाबून आतले वेष्टन फोडावयाचे. वेष्टन फुटे, कित्येकदा त्याच्याबरोबर पिशवीही फुटे, आणि ती फुटल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नसे.

फ्रान्समध्ये आरियॉन या शल्यचिकित्सकाने १९६५ च्या सुमारास निराळी वाट धरली. पिशवी रिकामीच आत न्यावयाची आणि जागेवर बसल्यावर नळीने भरावयाची. छेद लहान पुरतो आणि दोन बाजूंची मापे शस्त्रक्रिया चालू असताना जुळविता येतात. पुढे या जातीच्या पिशव्यांत मिठाचे निर्जंतुक पाणी भरण्याची पद्धत स्थिरावली. हिचा सर्वांत मोठा गुण प्रामाणिकपणाचा आहे. मिठाच्या पाण्याची पिशवी फुटली तर स्तन दोन-चार दिवसांत, क्वचित एका रात्रीत, सपाट होतो; पाणी देहात निरुपद्रवीपणे शोषले जाते; स्त्रीला आरशातच खबर मिळते. जेलची पिशवी फुटली तर बहुतेक वेळा बाहेरून काहीच दिसत नाही. उलट पाण्याच्या पिशवीचा दोष असा की, स्पर्श पाण्याने भरलेल्या फुग्यासारखा लागतो, कडेला सुरकुत्या पडतात आणि कृश अंगाच्या स्त्रीत त्या कातडीखालून दिसतात. प्रारंभीच्या पिशव्यांच्या झडपा तर इतक्या कच्च्या होत्या की फार मोठ्या प्रमाणात त्या गळल्या. जेल आणि पाणी यांच्या तुलनेत जे डॉक्टर केवळ स्पर्शाचा विचार पुढे करतात ते तुलनेचा अर्धाच भाग सांगतात. एकीचा बिघाड दिसतो, दुसरीचा लपतो, आणि शोधावयाचा तर चुंबकीय प्रतिमा घ्यावी लागते, ज्याला आपण एमआरआय म्हणतो. हा भेद मला स्पर्शापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

आकुंचनाला कंटाळलेल्या कारखानदारांनी १९७० नंतरच्या दशकात कवच पातळ केले आणि जेल अधिक प्रवाही केले. स्पर्श सुधारला, पिशव्या मात्र अधिक फुटू लागल्या, आणि न फुटताही पातळ कवचातून सिलिकॉन घामासारखे बाहेर पाझरू लागले. त्याच काळात पिशवीवर पॉलियुरेथेन फोमचा थर देण्याची रीत निघाली. फोमच्या छिद्रांत तंतू शिरून वेष्टनाची एकसंध पकड होत नसे, आणि आकुंचन खरोखरच कमी होई. परंतु फोम देहात हळूहळू विघटित होत असे, आणि त्यातून प्राण्यांत कर्करोग उत्पन्न करणारे एक रसायन अल्प प्रमाणात सुटते असे दिसून आल्यावर १९९१ मध्ये अमेरिकेतील उत्पादकाने तो माल मागे घेतला. ब्राझीलमध्ये आणि जर्मनीत या जातीच्या पिशव्या पुढेही बनत राहिल्या. १९८० नंतरच्या तिसऱ्या पिढीत कवचामध्ये पाझर रोखणारा एक थर घालण्यात आला, कवच पुन्हा जाड झाले. आणि त्याहीनंतर आले ते इतके घट्ट जेल की, पिशवी मधोमध कापली तरी ते न वाहता खापरासारखे उभे राहते. हे जेल थेंबाचा आकार धरून ठेवू शकते, म्हणून थेंबाच्या घाटाच्या पिशव्यांचे पुनरागमन त्याच्यामुळे झाले.

एवढे सगळे फेरफार होत असता सरकार काय करीत होते, हा प्रश्न सहज उद्भवतो. अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांना बाजारात आणण्यापूर्वी तपासण्याचा अधिकार अन्न व औषध प्रशासनास १९७६ च्या कायद्याने मिळाला. आणि त्या तारखेपूर्वी जी उपकरणे विक्रीत होती त्यांना चालू राहण्याची मुभा मिळाली. स्तनरोपणे त्यांतलीच. १९८८ मध्ये प्रशासनाने ती सर्वाधिक जोखमीच्या वर्गात घातली आणि १९९१ मध्ये सुरक्षिततेचे दाखले सादर करण्याचा हुकूम सोडला. दाखले आले ते इतके अपुरे होते की, जानेवारी १९९२ मध्ये प्रशासनाचे प्रमुख डेव्हिड केसलर यांनी जेलच्या पिशव्यांचा वापर स्थगित करण्याचे आवाहन केले, आणि एप्रिलपासून त्या फक्त शास्त्रीय चाचणीच्या चौकटीत, मुख्यत्वे कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेसाठी वापरण्यास परवानगी उरली. केसलर यांचे म्हणणे या पिशव्या घातक ठरल्या आहेत असे नव्हते. त्या निर्धोक आहेत हे सिद्ध झालेले नाही, आणि कायद्याने सिद्ध करण्याचा भार विकणाऱ्यावर आहे, असे होते. या दोन विधानांतील अंतर त्या कोलाहलात फार थोड्यांच्या लक्षात राहिले.

कोलाहल खरोखरच मोठा होता. सांधे धरणे, असह्य थकवा, त्वचेचे विकार, देहाची संरक्षक शक्ती देहावरच उलटणे, अशा तक्रारी घेऊन हजारो स्त्रिया न्यायालयात उभ्या राहिल्या. १९९४ मध्ये सुमारे ४.२५ अब्ज डॉलरच्या सामुदायिक तडजोडीचा मसुदा झाला. दावेदारांची संख्या इतकी फुगली की ती रक्कम अपुरी पडू लागली. आणि मे १९९५ मध्ये डाऊ कॉर्निंगने दिवाळखोरीचा अर्ज केला. याच वेळी वैद्यकीय पुरावा मात्र दुसऱ्या दिशेने चालला होता. जून १९९४ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोपण असलेल्या व नसलेल्या स्त्रियांत संयोजी ऊतींच्या रोगांचे प्रमाण वेगळे आढळले नाही. आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने उपलब्ध पुराव्याची छाननी करून असा निष्कर्ष दिला की, सर्वांगीण रोगाशी संबंध दाखविणारा निर्णायक आधार नाही. खरा व वारंवार घडणारा अपाय स्थानिक आहे, म्हणजे फुटणे, आकुंचन, संसर्ग आणि पुनःपुन्हा शस्त्रक्रिया. न्यायालयाने एक सांगितले, विज्ञानाने दुसरे, असे म्हणून पुष्कळ लेखक या प्रकरणाचा निकाल लावतात. मला मूळ अपराध त्याहून वेगळा दिसतो. तीस वर्षे माल विकला गेला, लाखो स्त्रियांच्या देहात गेला, आणि कोणाच्या देहात कोणत्या बनावटीची पिशवी आहे, किती फुटल्या, किती काढल्या, याचे खाते कोणी ठेवलेच नव्हते. ते असते तर जे उत्तर मिळण्यास १९९९ साल उजाडले ते कित्येक वर्षे आधी मिळते, आणि व्याधिग्रस्त स्त्रीस आपले दुःख खरे आहे हे सांगण्यासाठी वकिलाची गरज पडली नसती. नोव्हेंबर २००६ मध्ये दोन कंपन्यांच्या जेल पिशव्यांना पुन्हा मंजुरी मिळाली ती याच अटीवर की, प्रत्येकीने सुमारे ४०,००० स्त्रियांचा दहा वर्षे मागोवा घ्यावा.

मधल्या काळात सिलिकॉनच्या भीतीने सोयाबीनच्या तेलाची पिशवीही निघाली. १९९५ पासून ती ब्रिटनमध्ये विकली गेली, तेल आत खवट होते व त्याचे विघटित अंश अपायकारक असू शकतात असे दिसल्यावर १९९९ मध्ये बंद झाली, आणि २००० मध्ये ती काढून टाकण्याचा सल्ला देण्यात आला. वनस्पतीचे ते निर्दोष, हा समज तेवढ्यापुरता तरी मोडला.

फ्रान्समधील पीआयपी कंपनीचे प्रकरण दोषाचे नव्हे, लबाडीचे आहे. भूमध्यसमुद्राच्या काठी ला सेन-सुर-मेर येथे झाँ-क्लोद मास याने १९९१ मध्ये काढलेला हा कारखाना मंजूर वैद्यकीय जेलऐवजी उद्योगधंद्यांसाठी बनविलेले स्वस्त सिलिकॉन पिशव्यांत भरीत असे. प्रमाणपत्र देणाऱ्या जर्मन संस्थेचे तपासनीस येत, परंतु आगाऊ सूचना देऊन येत. त्यांच्या येण्यापूर्वी त्या स्वस्त सिलिकॉनची पिंपे हलविली जात आणि कागदपत्रे दुरुस्त केली जात. फ्रेंच अधिकाऱ्यांनी मार्च २०१० मध्ये हे उघडकीस आणून मालावर बंदी घातली. तोपर्यंत या पिशव्या साठाहून अधिक देशांत, तीन लाखांवर स्त्रियांच्या देहात पोचल्या होत्या; फ्रान्समध्ये सुमारे ३०,००० आणि ब्रिटनमध्ये सुमारे ४७,०००. डिसेंबर २०१३ मध्ये मार्सेयच्या न्यायालयाने मासला चार वर्षांची कैद ठोठावली. परंतु शिक्षेपेक्षा मनाला अधिक लागतात ते ही लबाडी उघडकीस आल्यानंतरचे ब्रिटनमधील स्त्रियांचे हाल. आपल्या अंगात याच कंपनीची पिशवी आहे काय, हे विचारण्यास त्या खाजगी दवाखान्यांकडे गेल्या, तेव्हा काही दवाखाने बंद पडले होते, काहींकडे कागद सापडेनात. तेथे १९९३ पासून राष्ट्रीय नोंदवही होती. परंतु नोंद ऐच्छिक असल्यामुळे पुष्कळ स्त्रियांची नावे तीत आलीच नाहीत, आणि अपुरी म्हणून ती २००६ मध्ये बंद करण्यात आली होती.

शेवटी खरखरीत पिशवीची कैफियत. फोमचा गुण पाहून कारखानदारांनी सिलिकॉनच्या कवचालाच खरखरीतपणा आणला. एका गाजलेल्या पद्धतीत कवच मऊ असताना त्यावर मिठाचे स्फटिक रोवीत आणि मग ते धुऊन काढीत, म्हणजे मागे बारीक खळगे राहत. आकुंचन कमी होई, आणि थेंबाच्या घाटाची पिशवी या खळग्यांच्या पकडीमुळे आत फिरत नसे. वाटोळी फिरली तरी काही बिघडत नाही, थेंब फिरला तर स्तन विद्रूप होतो. गुण खराच होता. परंतु १९९७ मध्ये एका स्त्रीत रोपणाभोवतीच्या वेष्टनात लसिकापेशींचा एक दुर्मीळ कर्करोग आढळला. हळूहळू अशी उदाहरणे साठली. रोपणानंतर सहसा बऱ्याच वर्षांनी एक स्तन द्रवाने अकस्मात सुजतो, आणि वेळीच ओळखून पिशवी व वेष्टन समूळ काढले तर बहुतेकींचा रोग बरा होतो, हे कळत गेले. अमेरिकन प्रशासनाने २०११ मध्ये या शक्यतेची सूचना दिली, जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये हा स्वतंत्र रोग मानला, आणि जुलै २०१९ मध्ये जगभर ५७३ रोगी व ३३ मृत्यू मोजले गेले तेव्हा, त्यांपैकी ४८१ रोग्यांत ॲलर्गन कंपनीची अशी पिशवी आढळल्यामुळे ती जगभरातून परत घेण्यात आली. फ्रान्सने त्याच वर्षी एप्रिलमध्ये अधिक खरखरीत जातीच्या पिशव्यांवर बंदी घातली होती. केवळ गुळगुळीत पिशवीच आयुष्यात बसविलेल्या स्त्रीत हा रोग खात्रीने आढळल्याचे उदाहरण मिळणे कठीण. म्हणून आज गुळगुळीत वाटोळी पिशवी, म्हणजे साधीसुधी जात, पुष्कळ देशांत पुन्हा अग्रस्थानी आली आहे, आणि तिच्याबरोबर आकुंचनाची जुनी तक्रारही परतली आहे.

थकवा, सांधेदुखी, स्मृतिमांद्य अशा ज्या लक्षणांची तक्रार आजही कित्येक स्त्रिया करतात, आणि पिशव्या काढल्यावर ज्यांतून काहींना आराम पडतो, त्यांची कारणमीमांसा झालेली नाही. परंतु २०२१ च्या ऑक्टोबरात अमेरिकन प्रशासनाने असा नियम केला की, रोपणापूर्वी शल्यचिकित्सकाने या लक्षणांची, त्या कर्करोगाची, आणि ही उपकरणे आयुष्यभर टिकणारी नसल्याची लेखी यादी स्त्रीपुढे ठेवून तिच्या सह्या घ्याव्यात. नोंदवह्याही नव्याने उघडल्या. ब्रिटनने २०१६ मध्ये पुन्हा उघडली. अमेरिकेत २०१८ मध्ये सुरू झाली. नेदरलंड्समध्ये २०१५ पासून जी आहे तीत स्त्रीने स्वतः नकार दिल्याखेरीज नोंद आपोआप होते, म्हणून ती बहुतांशी पूर्ण आहे.

पिशवीच्या खोक्यात आजकाल काही चिकटपट्ट्या येतात. त्यांवर बनावट, माप, जात आणि अनुक्रमांक छापलेला असतो. शस्त्रक्रिया संपता संपता परिचारिका त्यांतील एक इस्पितळाच्या कागदावर चिकटविते आणि दुसरी एका लहानशा कार्डावर लावून ते कार्ड घरी जाताना त्या स्त्रीच्या हाती देते. मुंबई-पुण्यात असे रोपण करून घेणाऱ्या स्त्रीस माझी एवढीच विनंती की, जेल की पाणी, थेंब की वाटोळे, हे ठरवून झाल्यावर ते कार्ड मागून घ्यावे, न दिल्यास हट्टाने मागावे, आणि मालमत्तेचे कागद जेथे ठेवतो तेथे, त्यांच्याच गाठोड्यात, बांधून ठेवावे.